बॅटरी उतरताना दिवा का मंदावतो: इनपुट आउटपुटला टेकतं तेव्हा एलईडी ड्रायव्हर कसा वागतो

कुडाळजवळ एका गोठ्यात सोलरवरचा दिवा होता. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, एक-एक वॉटच्या चार पांढऱ्या एलईडी सिरीजमध्ये आणि मधे तयार ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटची, छोटी पट्टी. दुपारी लावून बघितला की लख्ख उजेड. संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला मात्र उजेड तिसऱ्या हिश्श्यावर. गोठ्याच्या मालकीणबाईंनी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. "भाऊ, नवी बॅटरीपण चार्ज धरत नाही," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी मीटर लावला. बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. ड्रायव्हरही शाबूत होता. चुकलं होतं ते एलईडींच्या संख्येत, आणि त्या चुकीपायी दोन धडधाकट बॅटऱ्या भंगारात गेल्या होत्या.

ही तक्रार फार ठिकाणी सापडते आणि जवळपास दर वेळी चुकीची वस्तू बदलली जाते. स्विचिंग ड्रायव्हरच्या इनपुटचा व्होल्टेज आउटपुटच्या जवळ आला की आत नेमकं काय घडतं, ते मीटरने कसं ओळखायचं आणि त्यावर काय करायचं, ते हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं सांगतो.

पहिलं काम: एलईडीच्या साखळीचा खरा व्होल्टेज मोजा

डेटाशीटवरचा ३.२ व्होल्ट हा आकडा २५ अंशांवरचा आणि ठरावीक करंटचा असतो. ३५० मिलिअँपला एका पांढऱ्या एलईडीवर ३.० ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान काहीही मिळू शकतं. एकाच पाकिटातल्या चार एलईडींमध्येही फरक दिसतो. म्हणून ज्या करंटवर दिवा चालणार आहे त्याच करंटवर पूर्ण साखळी मोजा. बेंचवरच्या पॉवर सप्लायला करंट लिमिट असेल तर तेवढं पुरे.

दोनदा मोजा: लावल्याबरोबर थंड असताना, आणि वीस मिनिटांनी हीटसिंक तापल्यावर. एलईडी तापली की तिचा व्होल्टेज दर अंशाला साधारण २ ते ४ मिलिव्होल्टने खाली येतो. तीन एलईडींची साखळी ४० अंशांनी तापली तर तिसेक शतांश व्होल्ट सहज कमी होतात. एरवी हा फरक कुणी मोजतही नाही, पण काठावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला तो पुरतो. पौषातल्या थंडीत लावल्याबरोबर मिणमिणता आणि दहा मिनिटांनी आपोआप उजळणारा दिवा मी बघितला आहे, त्याचं कारण हेच. हिशेबात मात्र थंड असतानाचा, म्हणजे मोठा आकडा धरा.

दुसरं: ड्रायव्हरच्या पायाशी किती व्होल्ट पोचतात

बॅटरीवर लिहिलेल्या १२ वर विसंबू नका. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, भरून शांत झाली की १२.७ च्या आसपास असते आणि लोडखाली ११ च्या खाली उतरते. लिथियम फेरो फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी बराच काळ १३ च्या आसपास टिकते, पण शेवटी झपकन कोसळते. साध्या लिथियम-आयनच्या तीन सेलची १२.६ पासून ९ पर्यंत येते. म्हणजे तिन्हींना लोक '१२ व्होल्ट' म्हणतात आणि तिन्हींचा तळ वेगळा.

मग वायर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १८ मिलिओहम. दिवा १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.३६ ओहम. यातून पाऊण अँपिअर गेला तर पाव व्होल्टहून जास्त तारेतच जातो. त्यामुळे मोजायचं ते दिवा चालू ठेवून, ड्रायव्हरच्या पट्टीवरच्या टर्मिनलवर.

तिसरं: मधे कोण किती व्होल्ट खातं

इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण गोम इथेच आहे. उदाहरणाला पीटी४११५ हा चिप घेतो, कारण अशा स्वस्त पट्ट्यांवर तो सर्रास दिसतो. हा बक प्रकारचा ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा. इनपुट ६ ते ३० व्होल्ट चालतो आणि करंट ठरतो एका छोट्या सेन्स रेझिस्टरवरून: ०.१ व्होल्ट भागिले रेझिस्टर. ०.३ ओहम लावला तर ३३३ मिलिअँप.

आता करंटच्या वाटेवर कोण कोण बसलंय ते बघा. चिपमधला मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा स्विच, १२ व्होल्टला सुमारे ०.६ ओहम, सेन्स रेझिस्टर ०.३, कॉइलच्या तारेचा रोध साधारण ०.२५. बेरीज १.१५ ओहम. ३३३ मिलिअँपला हे ०.३८ व्होल्ट होतात. बऱ्याच पट्ट्यांवर इनपुटला चार डायोडचा ब्रिज असतो, म्हणजे वायर उलटसुलट जोडली तरी चालावं. शॉटकी, म्हणजे कमी व्होल्ट खाणारे, डायोड असले तरी एका वेळी दोन वाटेत येतात, म्हणून आणखी ०.७ व्होल्ट. वरच्या तारेचे ०.१२ धरा. एकूण १.२ व्होल्ट.

तीन एलईडी ९.३ व्होल्टच्या असतील तर बॅटरी १०.५ पर्यंत उतरली तरी करंट पूर्ण मिळतो. ठीक आहे. चार एलईडी १२.४ च्या, अधिक १.२, म्हणजे १३.६. एवढा व्होल्टेज लेड-ॲसिड बॅटरीवर फक्त चार्जिंग चालू असताना दिसतो. म्हणजे गोठ्यातला दिवा ऊन असेपर्यंतच नीट चालू शकत होता. नवी बॅटरी आणली तरी ती रात्री १२.७ च्या वर जाणार नव्हतीच.

काठावर आल्यावर आत काय घडतं

बक ड्रायव्हर स्विच चालू करतो तेव्हा कॉइलवर इनपुट वजा आउटपुट एवढा व्होल्टेज पडतो आणि करंट वाढत जातो. स्विच बंद केला की कॉइल आपला साठा डायोडमधून एलईडीला देते आणि करंट उतरतो. वाढीचा वेग या फरकावरच ठरत असल्यामुळे फरक कमी झाला की करंट चढायलाच वेळ लागतो. उतरायचा वेळ मात्र तेवढाच राहतो, कारण तो एलईडीच्या व्होल्टेजवर ठरतो.

पीटी४११५ सारखे ड्रायव्हर करंटला दोन रेघांमध्ये खेळवतात: सरासरीच्या १५ टक्के वर गेला की स्विच बंद, १५ टक्के खाली आला की चालू. आपल्या तीन एलईडींना ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल लावू. चिपच्या पायावर १२ व्होल्ट असताना चढायला सुमारे २.९ मायक्रोसेकंद आणि उतरायला ०.७. फ्रिक्वेन्सी येते २७५ किलोहर्ट्झच्या आसपास. तोच व्होल्टेज १० वर आणला की चढायला २१ मायक्रोसेकंद लागतात आणि फ्रिक्वेन्सी घसरते ४५ किलोहर्ट्झवर. आणखी पाव व्होल्ट खाली या, काही हजार हर्ट्झ उरतात. हा कानाला ऐकू येणारा पट्टा आहे. रात्रीच्या शांततेत दिव्यातून बारीक शिटीसारखा आवाज येतो तो इथला. कॉइल आणि सिरॅमिक कपॅसिटर अक्षरशः थरथरत असतात.

त्याच्याही खाली करंट वरच्या रेघेला कधी पोचतच नाही. स्विच चालू होतो तो चालूच राहतो. यालाच ड्रॉपआउट म्हणतात. इथे स्विचिंग थांबलेलं असतं आणि एलईडी बॅटरीला १.१५ ओहममधून सरळ जोडल्यासारखी असते. करंट बॅटरीच्या मागे मागे उतरतो. तीन एलईडींचा स्वतःचा रोध या भागात दोन-अडीच ओहमचा धरला तर दर दहाव्या हिश्श्याच्या व्होल्टमागे तीसेक मिलिअँप जातात. महत्त्वाचं हे की असा ड्रायव्हर इथे बिघडत नाही, तापतही नाही. व्होल्टेज परत मिळाला की तो मुकाट्याने कामाला लागतो.

सगळे ड्रायव्हर इतके सालस नसतात. ज्यांचा स्विच वरच्या बाजूला, म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकाकडे, आणि एन-चॅनल मॉसफेटचा असतो, त्यांच्या गेटला, म्हणजे स्विच चालू करणाऱ्या पायाला, इनपुटपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो. तो एका बूटस्ट्रॅप कपॅसिटरवरून येतो आणि हा कपॅसिटर भरतो स्विच बंद असतानाच. त्यामुळे हे चिप १०० टक्के चालू राहूच शकत नाहीत. दर फेरीत थोडा वेळ बंद व्हावंच लागतं, किंवा मधून मधून एक मोठा खंड घ्यावा लागतो. तो खंड काही वेळा डोळ्याला लुकलुकीसारखा जाणवतो. यातलाच एक चकवा: दिवा बंद करून लगेच चालू केला तर लागत नाही, थोडा वेळ थांबून लावला तर लागतो. आउटपुटचा कपॅसिटर एलईडींमुळे पूर्ण रिकामा होत नाही, सात-आठ व्होल्ट धरून बसतो. मग बूटस्ट्रॅपला भरायला इनपुट आणि आउटपुटमधला उरलासुरला फरकच मिळतो. ड्रायव्हर बदलण्याआधी हे एकदा तपासाच.

पीक करंटवर चालणाऱ्या ड्रायव्हरची आणखी एक खोड आहे. ड्युटी सायकल, म्हणजे दर फेरीत स्विच चालू असण्याचा हिस्सा, ५० टक्क्यांच्या वर गेली की त्यांना स्थिर ठेवायला आत एक उतार मिसळावा लागतो. तो कमी पडला तर एक लांब पल्स, एक आखूड पल्स अशी लंगडी चाल सुरू होते. आणि ज्यांच्यात एरर ॲम्प्लिफायर, म्हणजे ठरलेला आणि प्रत्यक्ष करंट यांतला फरक बघणारा भाग, आहे ते ड्रॉपआउटमध्ये 'अजून करंट दे' म्हणत आपला कपॅसिटर पार वरपर्यंत भरून ठेवतात. अशा वेळी इनपुट अचानक चढला, समजा सोलर चार्जर चालू झाला, तर क्षणभर एलईडीतून ठरल्यापेक्षा जास्त करंट जातो. रोज सकाळी एकदा असा धक्का बसणं एलईडीला चांगलं नाही.

चौथं: बेंचवरची चाचणी

बदलता येणारा पॉवर सप्लाय घ्या. १५ व्होल्टपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने खाली या आणि दर पायरीला तीन आकडे वहीत लिहा: ड्रायव्हरच्या पायाशी व्होल्टेज, इनपुटचा करंट आणि एलईडीचा करंट.

एलईडीचा करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये घालू नका. मिलिअँपच्या रेंजवर पुष्कळ मीटरांचा आतला रोध एखाद ओहम असतो. ३३३ मिलिअँपला तिथेच तिसरा हिस्सा व्होल्ट पडतो. काठावरच्या ड्रायव्हरला तुम्ही मोजता मोजताच काठाखाली ढकलाल. त्याऐवजी सेन्स रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट वाचा. पीटी४११५ वर तिथे १०० मिलिव्होल्ट दिसले की करंट पूर्ण आहे, ७० दिसले तर सत्तर टक्के. जोडणी तोडायची गरज नाही.

आपल्या तीन एलईडींच्या पट्टीवर, ब्रिजसकट, आकडे साधारण असे येतात. १४.४ व्होल्टला इनपुट करंट २४० मिलिअँप, १२ ला २८५, ११ ला ३१५. व्होल्टेज कमी होतोय आणि करंट वाढतोय, म्हणजे ड्रायव्हर हिशेबाने काम करतोय: एलईडीला तेवढीच वीज द्यायची तर कमी व्होल्टला जास्त करंट ओढावा लागणार. १०.४ च्या आसपास इनपुट करंट एलईडीच्या करंटएवढा होतो. त्याखाली दोन्ही हातात हात घालून उतरतात. हा वळणाचा बिंदूच तुमच्या ड्रायव्हरची खरी मर्यादा, आणि तो सापडायला ऑसिलोस्कोप लागत नाही. वहीतला हा एक आकडा मला डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

स्कोप नसेल तर जुना मीडियम वेव्हचा रेडिओ दिव्याजवळ धरा. चालू ड्रायव्हरचा खरखराट ऐकू येतो, व्होल्टेज कमी करत गेलात की त्याचा सूर बदलतो आणि ड्रॉपआउट आला की तो एकदम शांत होतो.

एक फरक ओळखा. दिवा हळूहळू मंदावला तर ड्रॉपआउट. सेकंदा-दोन सेकंदांनी पूर्ण विझून परत लागत असेल तर ते वेगळं दुखणं: बॅटरी लोडखाली दबते, ड्रायव्हर किंवा चार्ज कंट्रोलर कमी व्होल्टेजमुळे तोडतो, लोड गेला की बॅटरी वर येते आणि परत सगळं सुरू. तिथे बॅटरी किंवा गंजलेली जोडणी बघा.

डिमिंग असेल तर ही चाचणी पूर्ण उजेडावर करून भागत नाही. पीडब्ल्यूएम डिमिंगमध्ये, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करताना, दर पल्सला करंट शून्यापासून चढवावा लागतो. कॉइलवर जेमतेम अर्धा व्होल्ट उरला असेल तर ६८ मायक्रोहेन्रीतून ३३३ मिलिअँप चढायला ४५ मायक्रोसेकंद जातात. १ किलोहर्ट्झवर ५ टक्के उजेड मागितला तर सगळी पल्सच ५० मायक्रोसेकंदांची. करंट वर पोचेपर्यंत पल्स संपते आणि मिळतो तो मागितलेल्याच्या निम्मा उजेड.

बूस्टच्या बाबतीत गोष्ट उलटी आणि धोक्याची

बक काठावर आला की उजेड कमी होतो, नुकसान सहसा काही नाही. बूस्ट, म्हणजे व्होल्टेज चढवणारा ड्रायव्हर, काठ ओलांडला की एलईडी जाळू शकतो. कारण त्याची रचनाच तशी आहे: बॅटरीपासून कॉइल, कॉइलपासून डायोड, डायोडपासून एलईडी अशी सरळ वाट कायम उघडी असते. स्विच या वाटेवर नसतोच, तो बाजूला ग्राउंडकडे, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाकडे, ओढतो.

समजा कुणी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चार एलईडींना बूस्ट लावला. रात्री १२ व्होल्टला छान चालेल. सकाळी चार्जरने बॅटरी १४.४ वर नेली आणि दिवा चालू राहिला, तर १२.४ च्या साखळीवर डायोडचा ०.४ वजा जाता १.६ व्होल्ट जादा पडतात. वाटेतला सगळा रोध मिळून साडेतीन ओहमच्या आसपास. म्हणजे साडेचारशे मिलिअँप जादा, ३५० च्या एलईडीतून ८००. चिपला हे कळतं, तो स्विचिंग थांबवतो, पण थांबवून उपयोग नाही. चिप चालू-बंद करणारी एनेबल पिन शून्यावर आणूनही दिवा विझत नाही, ही याची पक्की खूण. तशी खूण दिसली की त्याच क्षणी सप्लाय काढा.

काठाच्या अलीकडेही बूस्ट अस्वस्थ असतो. फरक एवढा लहान की स्विचने निमिषभरच चालू व्हायचं. १.२ मेगाहर्ट्झच्या चिपला ७ टक्के ड्युटी म्हणजे साठेक नॅनोसेकंद, आणि तेवढ्या लवकर बंद होणं बऱ्याच चिपना जमत नाही. मग ते अधूनमधून पल्स गाळतात आणि उजेड थरथरतो. म्हणून १४.४ पर्यंत जाणाऱ्या बॅटरीवर बूस्ट वापरायचा तर सहा एलईडी, म्हणजे १८ व्होल्टच्या पुढेच जा. पाच एलईडींचे १५.५ कागदावर चालतात, पण तापलेल्या साखळीचं आणि बिघडलेल्या चार्जरचं काय? मी पाच लावत नाही.

पाचवं: उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

सगळ्यात आधी एलईडी कमी करा. उजेड चौथा हिस्सा कमी होईल, पण रात्रभर सारखा राहील. चारही हव्याच असतील तर दोन-दोनच्या दोन साखळ्या समांतर जोडा, सेन्स रेझिस्टर ०.१५ ओहम करा आणि कॉइल ८०० मिलिअँपला सॅच्युरेट होत नाही, म्हणजे तिचा गाभा चुंबकत्वाने भरून जात नाही ना ते बघा. एलईडी एकाच लॉटच्या आणि एकाच हीटसिंकवर हव्यात, नाहीतर एक साखळी जास्त करंट ओढून घेते.

मग वाटेतले चोर काढा. डीसीवर ब्रिजची गरज नाही. त्याच्या जागी उलट जोडणीपासून वाचवायला पी-चॅनल मॉसफेट लावला तर ०.७ व्होल्टमधले जवळजवळ सगळे परत मिळतात. लांबची तार जाड करा.

काठावरच राहायचं असेल तर लिनियर ड्रायव्हरचा, म्हणजे स्विचिंग न करता जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्याचा, विचार करा, आणि हे मी मनापासून सांगतो. लिनियर म्हणजे वीज वाया, हे खरं फरक मोठा असताना. १२.७ च्या बॅटरीवर १२ ची साखळी असेल तर लिनियरची कार्यक्षमता ९४ टक्के, कॉइल नाही, आवाज नाही, रेडिओत खरखर नाही. एका लिथियम सेलच्या टॉर्चमध्ये एएमसी७१३५ हा ३५० मिलिअँपचा लिनियर चिप चालतो तो याच गणितावर. त्याला नियमनासाठी ०.१२ व्होल्टचा फरक पुरतो.

इनपुट खरोखरच आउटपुटच्या वर-खाली दोन्हीकडे जाणार असेल आणि उजेड अजिबात हलता कामा नये, तर बक-बूस्ट जातीचं सर्किट लागतं. त्यातल्या सेपिक नावाच्या रचनेत ड्युटी म्हणजे आउटपुट भागिले इनपुट-आउटपुटची बेरीज, त्यामुळे दोन्ही समान असताना ती निवांत ५० टक्क्यांवर असते. तिथे काठ असा उरतच नाही. किंमत म्हणून दोन कॉइल, पूर्ण करंट झेलणारा एक कपॅसिटर आणि स्विचवर दोन्ही व्होल्टेजची बेरीज सोसावी लागते. मोठ्या वॉटेजला एलटी३७९१ सारखे चार स्विचचे कंट्रोलर असतात. त्यांची कार्यक्षमता छान, पण इनपुट आउटपुट सारखे झाले की त्यांना बकमधून बूस्टमध्ये जाताना मधल्या पट्ट्यात चारही स्विच हलवावे लागतात. चाचणीत तो पट्टा दहाव्या हिश्श्याच्या व्होल्टने तपासा. लुकलुक असेल तर तिथेच सापडते.

गोठ्यातल्या दिव्याचं काम पाऊण तासाचं निघालं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरची एलईडी साध्या गनने सुटत नाही, सगळी उष्णता पट्टी ओढून घेते. म्हणून चौथी एलईडी काढली नाही, तिच्या दोन पायांवर तारेचा छोटा तुकडा टाकून तिला वगळलं. ब्रिजच्या जागी मॉसफेट बसवला. बेंचवर वळणाचा बिंदू ९.७ व्होल्टला आला. पट्टीच्या मागे मार्करने लिहून ठेवलं: ३ एलईडी, ३३३ मिलिअँप, ९.७ पर्यंत.